टेबलावरची सुपारी

अंभुऱ्यांच्या घरातून कोणीही कुठंही निघालं तरी तयारी एकच असे, सोयरीक जमवायला निघाल्याची. म्हैस बघायला जातानाही आबासाहेब गुलाबी फेटा बांधत आणि म्हशीच्या मालकाला आधी त्याचं आजोळ विचारत. त्यामुळे जून महिन्यातल्या त्या सकाळी त्यांनी फेटा बांधला, चंचीत पानं भरली, अडकित्ता पुसला आणि डब्यातून निवडून एक गोल, बिनडागी सुपारी आतल्या कप्प्यात ठेवली, तेव्हा बोरीत कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

नवल वाटलं ते मेळाव्याचं. परभणीत कुठल्याशा शिक्षणसंस्थेनं मांडव घालून मराठवाड्यातली कॉलेजं एका जागी बोलावली होती. प्रत्येक कॉलेजाचं एक टेबल, टेबलामागे एक मास्तर. बारावी झालेल्या पोरांनी जायचं, विचारायचं आणि पुढं काय शिकायचं ते ठरवायचं.

"बैलाचा बाजार ऐकला, कापसाचा ऐकला," जीपच्या काचेवर फडकं मारत आश्रुबा ड्रायव्हर म्हणाला. "कॉलेजाचा बाजार पहिल्यांदाच ऐकायलोय, आबा."

"बाजारच हाय तो," आबासाहेब म्हणाले. "दात बघायचे, चालवून बघायचं, पसंत पडला तर हातावर हात मारून घरी यायचं. दुपारच्या जेवनाला मागारी यीऊ."

ज्या नातीसाठी हा बाजार करायचा होता ती द्वारका आत चुलीपाशी दशम्या फडक्यात बांधत होती. बारावीला ती गणितात सगळ्या तालुक्याच्या पुढं गेली होती, आणि नेमकं त्याच सुमारास जिंतूरचे पाहुणे तिला बघून पसंत करून गेले होते. मुलाचा ट्रॅक्टर होता, औषधांचं दुकान होतं, शिवाय तो रंगानं उजळ असल्याचं त्याच्या बापानं दोनदा सांगितलं होतं. घरात दोन तट पडले. शेवटी आबासाहेबांनी निवाडा केला, "मेळाव्याच्या दिशी परभनीला जाऊन काय ते ठरवा. ठरलं तर पोरगी शिकंल. न्हाई ठरलं तर त्याच सांजच्याला जिंतूरला होकार जाईल. लोकायला किती दिवस टांगून ठेवायचं?" आपण फार मोठं मन दाखवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

हा निवाडा कानावर येताच मानवतहून द्वारकेची आत्या कमलबाई आदल्या दिवशीच्या एस्टीनं येऊन धडकली होती. कमलबाई म्हणजे आबासाहेबांची थोरली लेक. सोयरिकी जमवण्यात तिचा हात धरणारं माणूस जिल्ह्यात नव्हतं, आणि मोडण्यात तर नव्हतंच.

"सोयरीक बघायला गेल्यावर म्या काय करते, सांग," दशमीवर ठेचा ठेवत तिनं द्वारकेला विचारलं.

"सवाल इचारता."

"कोनाला?"

"पोराच्या बापाला."

"बाप काय सांगनार हाय, माझा पोरगा ढोसतो म्हनून? म्या पानी प्यायचं निमित्त करून मागच्या दारी जाते. तिथं भांडी घासनाऱ्या थोरल्या सुनंला इचारते, बाई, माहेरची आठवन कवा कवा येती? रोज म्हनली की उठायचं. आनखी एक ध्यानात ठेव. एखादा सवाल असा इचारायचा ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठावं असतंय. तिथं खोटं बोलला की पुढचं ऐकायचंच न्हाई."

"आत्या, मला परक्या मानसापुढं तोंडच उघडत न्हाई," द्वारका हळूच म्हणाली.

हे खरं होतं आणि त्यात पोरीचा काडीचा दोष नव्हता. जिंतूरच्या पाहुण्यांपुढे ती सतरंजीच्या काठाकडे बघत बसली होती, विचारलं तेवढंच बोलली होती, आणि त्यासाठी सगळ्या घरानं तिचं कौतुक केलं होतं. आता त्याच पोरीनं प्राध्यापकांची उलटतपासणी घ्यावी, अशी त्याच घराची इच्छा होती.

"पन तुला पाहिजे काय, ते तर ठावं हाय न्हवं?" कमलबाईनं आवाज खाली आणला.

द्वारकेनं मान हलवली. ते फक्त आत्यालाच ठाऊक होतं. आठवीत असताना शाळेची सहल येलदरीला गेली होती. बाकी पोरी धरणाचं पाणी बघून किंचाळत होत्या. द्वारका वीजघरात गेली आणि तिथून हलेचना. जमिनीखाली काहीतरी प्रचंड फिरत होतं आणि त्याची थरथर चपलेतून तळपायाला लागत होती. ती थरथर तिला आवडली. तेव्हापासून बोरीत वीज गेली की इतर लोक बोर्डाच्या नावानं शिव्या घालत आणि द्वारका मनात म्हणत, तिकडं काय बिघडलं असेल, ते मला कळायला पाहिजे.

मांडवात शिरल्यावर आबासाहेबांचा विरस झाला. त्यांना वाटलं होतं कोणी पुढं येऊन या म्हणेल, पाणी देईल, आजोळ विचारेल. इथं कोणाला कोणाचं काही नव्हतं. पोरांचे घोळके टेबलांवर तुटून पडले होते आणि मोठमोठे पंखे गरम वारा फेकत होते. कमल, द्वारकेचा बाप बन्सीधर आणि पोरगी गर्दीत शिरली. सून सगुणा, द्वारकेची आई, दशम्यांचं गाठोडं घेऊन बाहेर लिंबाखाली बसली. आबासाहेब एकटेच राहिले, तेव्हा एका टेबलामागून आवाज आला, "या मामा, बसा. उन्हातून आलात."

फेट्याला मान देणारं माणूस सापडलं. आबासाहेब खुर्चीत बसले. सफारीतल्या त्या गृहस्थांनी स्वतः उठून तांब्या पुढं केला.

"पाहुने कुठले तुमी?" पाणी पिऊन आबासाहेबांनी विचारलं.

"राहतो परभणीतच. आजोळ चारठाण्याचं. तात्याराव नाव माझं."

"चारठान्यात कोन?"

"सिताराम पाटलांचा भाचा."

"अरे, मंग आपलंच घर की!" आबासाहेबांचा चेहरा फेट्यासारखा खुलला. "सितारामाची धाकटी भैन आमच्या चुलत्याच्या साडूला दिलेली. बरं, तुमचं काय हाय इथं?"

"आमचं गृहविज्ञान, मामा. आहारशास्त्र आहे, बालविकास आहे, वस्त्रशास्त्र आहे. आमच्या मुली दवाखान्यात लागतात, शाळेत लागतात, काही तर पुढं शिकून तिथंच शिकवायला..."

तात्याराव तळमळीनं सांगत होते, पण आबासाहेब 'गृह' या शब्दापाशीच थांबले होते. घरातलं शिक्षण, बोरीपासून जीपच्या अंतरावर, शिकवणारा चारठाण्याच्या नात्यातला. यापेक्षा पोरीला आणखी काय पाहिजे? आणि चांगलं स्थळ दिसल्यावर रेंगाळायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

त्यांनी चंची सोडली, ती गोल सुपारी काढली आणि तात्यारावांच्या हातावर ठेवली.

"घ्या. आमची नात तुमची झाली. अंभुऱ्याचा शब्द."

तात्याराव जरा गोंधळले, पण म्हाताऱ्या माणसानं प्रेमानं दिलेली सुपारी नाही म्हणायची नसते. त्यांनी ती कपाळाला लावली. खायचा प्रश्न नव्हता, त्यांची दाढ ठणकत होती. तेवढ्यात पंख्याचा झोत आला, माहितीपत्रकांचा गठ्ठा फडफडला, आणि तात्यारावांनी ती सुपारी गठ्ठ्यावर दाबून ठेवली. ती तिथं छान बसली.

तिकडं मांडवाच्या दुसऱ्या टोकाला औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं टेबल होतं. तिथले चष्मेवाले सर बन्सीधरकडे बघून म्हणाले, "बोला. मुलगा कुठं आहे?"

"मुलगी हाय," बन्सीधर अपराधी आवाजात म्हणाला आणि बाजूला सरकला.

सरांनी द्वारकेकडे बघितलं. द्वारकेनं चपलेच्या अंगठ्याकडे बघितलं. सर थांबले. चांगले सभ्य गृहस्थ होते, बराच वेळ थांबले. मागची पोरं ढकलाढकली करू लागली. द्वारकेच्या मनात सवालांची रांग लागली होती, पण एकही सवाल ओठाबाहेर यायला तयार नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा कमलबाईला बघवेना. ती पुढं घुसली.

"साहेब, तुमच्याकडं पोरीच्या वसतिगृहात पानी रोज येतंय का? मागचं दार कोन्या बाजूला हाय? अन् मागच्या साली बाहेर पडलेल्या पोरी सध्या कुठं नांदायल्यात?"

मागची पोरं फसकन हसली. द्वारकेला मांडवाचा खांब होऊन जावं असं वाटलं. सरांनी मात्र चष्मा काढून पुसला. "नांदायल्यात म्हणजे, नोकरीला कुठं आहेत, असंच ना? इलेक्ट्रिकलला पोरी फार थोड्या असतात, बाई. एक मुंबईला आहे. एकीनं लग्न झाल्यावर नोकरी सोडली. पाण्याचं मला नक्की सांगता येणार नाही. आमची विद्यार्थिनी मदतीला आली आहे, ती बघा, माठाजवळ. तिला विचारा."

कमलबाईला हेच पाहिजे होतं. "चल," तिनं द्वारकेचा हात धरला. "थोरली सून सापडली."

माठाजवळची मुलगी काटक, सावळी, केसांची एकच वेणी घातलेली अशी होती. दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रिकल शिकत होती. पाणी दिवसाआड येतं, म्हणाली. वसतिगृहातली आमटी म्हणजे पाण्याला हळद लावलेली. वर्गात पोरं पहिले सहा महिने चिडवतात, मग परीक्षेच्या आधी वह्या मागायला येतात. मोटार उघडायला शिकवतात तेव्हा सर मुलींना मागं उभं करतात, तिथं आपण होऊन पुढं सरकायचं.

"अन् माहेरची आठवन?" कमलबाईनं ठेवणीतला सवाल काढला.

"पहिल्या पावसाळ्यात रोज रडले," मुलगी हसून म्हणाली. "आता सुट्टीत घरी आल्यावर आठ दिवसांनी होस्टेलची आठवण येते."

कमलबाई चपापली. तिच्या सबंध कारकिर्दीत असं उत्तर कोणत्याही सुनेनं दिलं नव्हतं. ती खुश झाली, आणि खुशीत तिच्या तोंडून नेहमीचा सवाल गेला, "कोनाची गं तू?"

या साध्या सवालात काय काय विचारलेलं असतं ते मराठवाड्यात विचारणाऱ्याला कळतं आणि ऐकणाऱ्यालाही. मुलीची मान किंचित ताठ झाली. "मानवतच्या रंगनाथ गुरुजींची. विशाखा. आम्ही बौद्धवाड्यात राहतो. नामांतराच्या मोर्च्यात होते मी, तेव्हा काही दिवस कॉलेज बंद होतं. तेही सांगून ठेवते, नंतर म्हणाल सांगितलं नाही."

कमलबाई ते नाव ओळखत होती. रंगनाथ गुरुजींनी तिच्या थोरल्या लेकाला, किशनरावाला, गणित शिकवलं होतं, तेही आपण होऊन, शाळा सुटल्यावर. त्या सबंध वर्षात तिनं गुरुजींना ओट्यावर बसवून कपात नाही, वेगळ्या काढलेल्या पेल्यात चहा दिला होता. तो पेला तिला आत्ता, भर मांडवात, लख्ख आठवला आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिनं काखेतल्या पिशवीतून दशमी काढली आणि ठेच्यासकट विशाखापुढं धरली. विशाखानं दशमीकडे बघितलं, मग कमलबाईकडे, आणि मग घेतली.

"लय तिखट आहे," ती पहिल्या घासाला म्हणाली.

"आमच्याकडं तसंच असतंय," कमलबाई म्हणाली. "मास्तरायला सांग, किशनरावाच्या मायनं इचारलंय म्हनून."

द्वारका हे सगळं ऐकत होती, आणि तिच्याही नकळत तिनं विशाखाला विचारलं, "मोटार उघडताना भीती वाटली का तुला?" कमलबाईनं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

बन्सीधरला दोन्ही बाजू नेहमी पटत आणि त्यामुळे तो कुठल्याच बाजूला धड नसे. त्याला स्वतःला द्वारकेनं डी.एड. करून मास्तरीण व्हावं असं वाटत होतं, पण हे त्यानं अजून मोठ्यानं म्हटलेलंच नव्हतं. लिंबाखाली सगळे जमले आणि आबासाहेबांनी "ठरलं!" म्हणून मांडीवर थाप मारली, तेव्हा आपलं म्हणणं राहून गेल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

"काय ठरलं?" कमलबाई म्हणाली.

"गृहविज्ञान. सितारामाचा भाचा हाय तिथं. सुपारी दिऊन आलो."

कमलबाईच्या हातातली दशमी हातातच राहिली. "सुपारी? आबा, कॉलेजाला सुपारी देतेत का?"

"शब्द द्यायची आपली रीत तीच हाय. अंभुऱ्यानं शब्द दिला की..."

"पोरीला इजेचं शिकायचंय! औरंगाबादला! म्या समदं इचारून आले, पान्यापासून आमटीपर्यंत."

"औरंगाबादला?" आबासाहेबांचा आवाज चढला. "तिकडं रोज बंद, रोज मोर्चे. उद्या त्या विद्यापीठाचं नावच बदललं तर हिच्या सर्टिफिकिटाचं काय?"

"काय व्हायचंय? माझं नाव जन्माचं इठाबाई. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात कमल लिहिलं. म्हनून माझ्या हाताची भाकर बदलली का? अन् त्या मोर्च्यातलीच एक पोरगी आता माझ्या हातची दशमी खाऊन गेली. तिच्याएवढं खरं बोलनारं मानूस तुमच्या साऱ्या पाहुन्यात न्हाई."

"आक्का, हळू," बन्सीधर म्हणाला. "लोक बघायलेत. आबाचंही बरोबर हाय. परभनी जवळ हाय."

"सकाळी जीपीत तू माझ्या बाजूनं व्हतास, बन्सी."

"तवा सुपारी दिलेली नव्हती," बन्सीधर म्हणाला, आणि हे आपण किती खरं बोललो याचं त्यालाच वाईट वाटलं.

कमलबाई बापाकडे वळली. आता तिचा आवाज खाली आला होता. "आबा, मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या सोडून तुमी माझी सुपारी फोडली. म्या गाडीत काकडी खात बसले व्हते. तुमी येऊन म्हनलात, तुझं जमलं, पोरी. म्या सातवीत व्हते."

"वाईट झालं का तुझं?"

"वाईट न्हाई झालं. पन इचारलं न्हाई."

आबासाहेब आपल्या जोड्याकडे बघू लागले, आणि ती मान बघून बन्सीधरला एकदम द्वारकेची आठवण झाली. मानेची ही ठेवण घराण्यातलीच होती तर.

तेव्हा सगुणाबाई, जी सकाळपासून दशम्या मोजून वाढण्यापलीकडे काही बोलली नव्हती, पदर सारखा करत म्हणाली, "मामंजी, सुपारी फोडली का त्यांनी?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"न्हाई, म्हंजी," सगुणाबाई म्हणाली, "फोडली आसंल तर काही इलाज न्हाई. न्हाई फोडली तर नुसतं बोलनं झालं. माझ्या चुलत भैनीची सोयरीक तशीच मागारी घेतली व्हती."

रीत तशीच होती, हे आबासाहेबांनाही नाकारता येईना. सुपारी फुटली की जमलं. अख्खी आहे तोवर मुलीकडच्यांना बोलायला वाव असतो. "फोडली न्हाई," ते नाइलाजानं म्हणाले. "पन म्या दिलेली सुपारी म्या मागायला जानार न्हाई. जीव गेला तरी न्हाई."

"म्या जाते," कमलबाई उठली.

"तूबी न्हाई. ज्याची सोयरीक त्यानं जावं."

हे ते मोठ्या हुशारीनं म्हणाले. त्यांना खात्री होती, ज्या पोरीला सतरंजीवरून नजर उचलता येत नाही ती काय जाणार.

"जाते मी," द्वारका म्हणाली.

मांडव ओलांडताना द्वारकेला आपले पाय आपले वाटत नव्हते. तिनं ठरवलं होतं, बोलायचं तर त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, सुपारीकडे बघायचं. सुपारी गठ्ठ्यावर बसली होती.

"काका," ती सुपारीला म्हणाली, "माझ्या आजोबांनी दिलेली सुपारी मला परत पाहिजे."

तात्यारावांनी वर बघितलं. "ही? का गं? काही चुकलं का आमचं?"

इथं तिला पळून जाता आलं असतं. सुपारी उचलायची आणि निघायचं. पण त्या माणसाच्या आवाजात खरोखरच काळजी होती, आणि खऱ्या माणसाला अर्धवट उत्तर देणं तिला जमेना. तिनं नजर वर केली.

"तुमचं काही चुकलं न्हाई. आजोबांनी मला न विचारता माझा शब्द दिला. मला इलेक्ट्रिकल शिकायचंय. येलदरीला वीज तयार होते, तसल्या ठिकाणी काम करायचंय."

सांगून टाकलं. आकाश कोसळलं नाही. पंखा तसाच फिरत होता.

तात्याराव हसायला लागले. "अगं पोरी, मी इथला साधा क्लार्क. प्रवेश गुणांवर मिळतो, यादी लागते. सुपारीवर कोणाला घेता येत असतं तर मी माझ्या भाचीला नसतं का घेतलं? मला वाटलं, म्हातारबुवांनी मायेनं दिली. घे, घे तुझी."

द्वारकेनं सुपारी उचलली. त्याबरोबर पंख्याच्या झोतानं माहितीपत्रकांचा सगळा गठ्ठा हवेत उधळला. कागद मांडवभर उडाले, पोरांच्या डोक्यांवर बसले, माठात पडले. आणि द्वारका बघते तो खांबाआडून गुलाबी फेटा धावत येत होता. नातीच्या मागोमाग चोरपावलांनी आलेले आबासाहेब दोन्ही हातांनी गृहविज्ञानाची पत्रकं झेलत होते.

"पाहुन्याचं नुकसान नगं व्हायला," ते धापा टाकत म्हणाले आणि बगलेतला गठ्ठा तात्यारावांना देऊन त्यांनी वर हात जोडले. "राग मानू नका. पोरगी... पोरगी बोलती हो आमची."

"चांगलं बोलते, मामा," तात्याराव म्हणाले.

द्वारका थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा गप्प झाली असती. सुपारी मुठीत घट्ट धरून ती थेट चष्मेवाल्या सरांपुढं जाऊन उभी राहिली. माठाजवळून विशाखाही सरकत आली.

"सर, माझं गणित चांगलं हाय, भौतिकशास्त्र बरं हाय. मला इलेक्ट्रिकल मिळंल का?"

सरांनी गुणपत्रिका बघितली. "यादी लागेपर्यंत शब्द देत नाही. पण अर्ज जरूर करावा, इतके गुण आहेत."

"येलदरीच्या वीजघरात बाई इंजिनिअर हाय का?" याचं उत्तर तिला ठाऊक होतं. सहलीत तिनं तिथल्या माणसाला विचारायचं धाडस केलं नव्हतं, पण डोळ्यांनी बघितलं होतं.

"माझ्या माहितीत नाही," सर म्हणाले. "उगाच हो कशाला म्हणू? पण असू नये असा नियमही कुठं नाही."

खोटं बोलले नाहीत. द्वारकेनं पुढचा सवाल काढला. मग त्याच्या पुढचा. मोटार उघडताना मुलींना मागं का उभं करतात, हाही काढला. सर खाकरले, विशाखा छताकडे बघायला लागली, आणि मागची पोरं या खेपेला हसली नाहीत, कान देऊन ऐकत राहिली.

सवालांत खंड पडल्यावर पाठीमागून आबासाहेबांनी घसा साफ केला. "साहेब, एकच इचारतो. पोरगी तिथं एकटी पडंल का?"

"मी आहे की, आजोबा," विशाखा म्हणाली.

आबासाहेबांनी तिला फेट्याखालून न्याहाळलं. "कोनाची तू?"

विशाखा बोलायच्या आत कमलबाई मध्ये आली. "आपल्या मानवतची हाय," ती म्हणाली. आबासाहेबांनी लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढचा सवाल गिळला.

लिंबाखाली आल्यावर म्हाताऱ्यानं बैठक मारली. "जिंतूरला सांजच्याला निरोप धाडतो," ते म्हणाले, "पोरगी शिकायलीय म्हनून." सगुणाबाईनं ते ऐकून पाठ फिरवली आणि उगाचच गाठोडं सोडून पुन्हा बांधलं. बन्सीधर म्हणाला, "माझंबी तसंच म्हननं व्हतं," आणि कमलबाईनं आज त्याला माफ केलं.

आबासाहेबांनी द्वारकेपुढं तळहात केला. तिनं घामेजलेली सुपारी त्यावर ठेवली. त्यांनी अडकित्ता काढला, सुपारी पात्यात धरली, आणि दाबायच्या आधी थांबले.

"फोडू?" त्यांनी नातीला विचारलं.

कमलबाईनं मान वळवून बापाकडे बघितलं. इतक्या वर्षांत, इतक्या सोयरिकींत, सुपारी फोडायच्या आधी पोरीकडे बघून हा शब्द कोणी उच्चारल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. तिला फार आनंद झाला, आणि तो आपल्या वाट्याला आला नाही म्हणून तितकंच दुखलं. तिनं पदरानं नाक पुसलं.

मान खाली घालून द्वारका चपलेकडे बघायला लागली, आणि सगळ्यांना वाटलं, झालं, संपलं पोरीचं अवसान. मग तिनं वर बघितलं.

"थांबा, आबा. नांदेडच्या इंजिनिअरिंगवाल्यांचं टेबल राहिलंय. त्यांना मी अजून काहीच विचारलं न्हाई."

"जा मंग," आबासाहेब म्हणाले.

द्वारका गेली. तिच्यासोबत जायला कमलबाई अर्धी उठली होती, ती पुन्हा खाली बसली. आबासाहेबांनी अडकित्ता मिटला आणि अख्खी सुपारी तळहातावर धरून ते बसून राहिले. दुपार टळली, दशम्या संपल्या. जीप घेऊन आश्रुबा आला आणि त्यानं लांबूनच आवाज दिला, "जमलं का, आबा? निघायचं का?"

"थांब जरा," आबासाहेब मांडवाकडे बघत म्हणाले. "ती इचारायलीय अजून."